निरंक अहवाल की मुका सर्व्हर? : कीड-सल्ला सेवेतील ई-मेल व्यवस्थेची देखरेख

कामगंध सापळ्यात सकाळी एकही पतंग आढळला नाही, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. एक, शेतात पतंग नाहीत. दुसरा, ल्युरचा गंध संपला आहे, पिशवी फाटली आहे अथवा वाढत्या पिकात सापळा दबून गेला आहे. नोंदवहीत मात्र दोन्ही वेळा शून्यच लिहिले जाते. ल्युर कोणत्या तारखेस बदलला याची नोंद जवळ असल्याखेरीज त्या शून्याची किंमत ठरविता येत नाही, हे कीड सर्वेक्षणाच्या पहिल्याच प्रशिक्षणात आपण शिकतो आणि पुढे इतरांना शिकवितो.

ज्या ई-मेल सर्व्हरवर आपली सल्ला सेवा उभी आहे, त्याच्याबाबत हीच दक्षता आपण घेतो काय? प्रस्तुत लेखक कीटकशास्त्राचा अभ्यासक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तरीही काही वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगानंतर हा विषय समजून घेणे भाग पडले. त्या अभ्यासातून जे हाती लागले, ते विस्तार कार्यकर्ते व प्रयोगशील शेतकरी यांच्यासमोर ठेवीत आहे.

चार दिवसांचे मौन

आमच्या केंद्राकडे कापूस पट्ट्यातील निवडक गावांमधून सापळ्यांच्या नोंदी दर सोमवारी व गुरुवारी ई-मेलने येत. शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांचे संकलन करून सल्लापत्रिका पाठविली जाई. सप्टेंबरअखेरच्या एका आठवड्यात गुरुवारी सायंकाळी टपालपेटीत मोजकीच पत्रे होती आणि त्यांतील पतंगसंख्या किरकोळ होती. आधीचे दोन दिवस पाऊस झाला होता. पावसात पतंगांचे उड्डाण मंदावते आणि सर्वेक्षकांनाही शेतात शिरता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे शंका आली नाही. शुक्रवारच्या पत्रिकेत 'गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली' असे मी लिहिले. पत्रिका वेळेवर गेली.

सोमवारी सकाळी टपालपेटी उघडली, तेव्हा एकाच मिनिटात पत्रांचा लोंढा आला. बहुतेक पत्रे गुरुवारी संध्याकाळी पाठविलेली होती. सहा गावांतून सलग तीन रात्री प्रतिसापळा आठपेक्षा अधिक पतंगांची नोंद होती. गुलाबी बोंडअळीसाठी हीच आपली आर्थिक नुकसानीची पातळी आहे.

या किडीच्या बाबतीत चार दिवस म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको. मादीने घातलेली अंडी साधारण ३ ते ६ दिवसांत उबतात. बाहेर पडलेली अळी लवकरच पाते, फूल वा कोवळे बोंड पोखरून आत शिरते. बोंडावरील प्रवेशछिद्र पुढे बुजून जाते. मग वरून कितीही फवारले, तरी औषध अळीपर्यंत पोहोचत नाही. सुधारित सल्ला आम्ही सोमवारी दुपारी दिला. आठवड्याने त्या गावांपैकी एका गावी गेलो असता एका शेतकऱ्याने हिरवी बोंडे फोडून हातावर ठेवली. त्याने पत्रिका वाचली होती, ती मानली होती, आणि म्हणूनच फवारणी पुढे ढकलली होती. त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

सर्व्हर जिवंत होता

चौकशीत जे समजले, ते या लेखाचे मूळ आहे. त्या चार दिवसांत सर्व्हर बंद पडला नव्हता. आजूबाजूच्या गावांत वीज गेली, तरी केंद्रातील सर्व्हर चालू होता. बाहेरून दर पाच मिनिटांनी त्याला 'पिंग' केले जात होते आणि प्रत्येक वेळी उत्तर येत होते. फलकावरील दिवा अखेरपर्यंत हिरवा राहिला.

ई-मेल सर्व्हरचे काम टपाल कचेरीसारखे असते. एका खिडकीवर तो बाहेरची पत्रे स्वीकारतो, आतल्या बाजूस त्यांची रांग लावतो, आणि मग प्रत्येकाच्या पेटीत ती नेऊन टाकतो. खिडकीवरील व्यवहाराचे नियम 'एसएमटीपी' या नावाने १९८२ पासून प्रचलित आहेत. पत्र स्वीकारले की सर्व्हर २५० हा संकेत देतो. ती पोच समजून पाठविणाऱ्याचा सर्व्हर निश्चिंत होतो. आमच्याकडे टपालपेट्या ज्या डिस्कवर होत्या, ती गुरुवारी संध्याकाळी भरून गेली. रांग वेगळ्या डिस्कवर होती. त्यामुळे खिडकी उघडी राहिली, प्रत्येक पत्राला २५० ची पोच मिळत गेली, आणि पत्रे आतल्या रांगेत साचत राहिली. बाहेर जाणाऱ्या पत्रांचा पेट्यांशी संबंध नसल्याने माझी चुकीची पत्रिका मात्र विनाअडथळा सर्वांपर्यंत पोहोचली.

डिस्क ९५ टक्के भरताच इशारा देण्याची सोय होती. त्या संध्याकाळी मोठमोठी छायाचित्रे जोडलेली पत्रे एकापाठोपाठ आली आणि ९५ वरून १०० पर्यंत जाण्यास काही मिनिटेच लागली. इशारा निघाला. तो निघाला ई-मेलनेच, त्याच सर्व्हरवरील व्यवस्थापकाच्या टपालपेटीकडे, आणि सर्वेक्षकांच्या पत्रांमागे तोही रांगेत उभा राहिला. पुढे शनिवार-रविवार आला. सोमवारी कोणीतरी जुनी पत्रे काढून जागा मोकळी केली, तेव्हा पत्रे आणि इशारा एकाच वेळी हाती पडले.

सर्वेक्षकांकडे पत्रे परत गेली नाहीत, म्हणून त्यांनीही फोन केला नाही. येथे एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पत्र पोहोचविण्यात ४ ने सुरू होणारा त्रिअंकी संकेत आला, तर अडचण तात्पुरती मानली जाते आणि सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारा संकेत आला, तर अडचण कायमची मानून पत्र परत पाठविले जाते. तात्पुरत्या अडचणीत दोन प्रयत्नांमध्ये किमान ३० मिनिटांचे अंतर ठेवावे आणि हार मानण्यापूर्वी किमान ४ ते ५ दिवस प्रयत्न करीत राहावे, असे एसएमटीपीच्या २००८ च्या नियमावलीत सुचविले आहे. पत्र हरवू नये यासाठी ही सोय उत्तमच आहे. कीड-सल्ल्याच्या दृष्टीने मात्र पाच दिवसांनी परत आलेले पत्र हे न आलेल्या पत्राइतकेच निरुपयोगी ठरते. पत्र परत आले नाही म्हणून ते पोहोचले, असे समजू नये.

देखरेख किती खोल असावी

शेताच्या बांधावरून पीक पाहणे, ओळीत शिरून पाहणे आणि बोंड फोडून पाहणे यांत जो फरक आहे, तोच सर्व्हरच्या देखरेखीत आहे. पिंग म्हणजे बांधावरून पाहणे. यंत्र चालू आहे व जाळ्याशी जोडलेले आहे, एवढेच त्यातून कळते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे खिडकी ठोठावणे. सर्व्हरकडील पत्रे स्वीकारण्याचे पोर्ट २५, आपल्या सदस्यांकडून पत्रे घेण्याचे पोर्ट ५८७ आणि पेटीतील पत्रे वाचण्याचे आयमॅप पोर्ट ९९३ यांच्याशी जोडणी करून योग्य उत्तर येते काय, ते पाहावे. पोर्ट २५ वर २२० या संकेताने स्वागत झाले पाहिजे आणि तेही काही सेकंदांत. नागिऑस, झॅबिक्स यांसारख्या मुक्त प्रणालींत ही तपासणी तयार मिळते. ती अवश्य करावी. परंतु आमच्या प्रसंगात हीदेखील उत्तीर्ण झाली असती, हे विसरू नये.

बोंड फोडून पाहण्याच्या तोडीची तपासणी एकच आहे, ती म्हणजे फेरी-पत्र. आपल्या सर्व्हरबाहेरील एका खात्यावरून ठरावीक अंतराने एक छोटे चाचणी-पत्र आपल्या सर्व्हरवरील एका चाचणी-पेटीकडे पाठवावे. पत्रावर अनुक्रमांक व पाठविल्याची वेळ असावी. त्याच यंत्राने ती पेटी उघडून पत्र आले काय आणि किती वेळात आले, ते नोंदवावे. पाठविणे व उघडणे ही दोन्ही कामे एकाच यंत्राने केल्यास घड्याळांच्या फरकाची भानगड उरत नाही. दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला १४४ पत्रे होतात. ती वाचून झाल्यावर पुसण्याची व्यवस्था न केल्यास देखरेखीनेच पेटी भरण्याचा प्रसंग येतो. (असे प्रत्यक्ष झालेले मी पाहिले आहे.) आठवड्यातून एकदा उलट दिशेची फेरीही करावी. म्हणजे आपल्या सर्व्हरवरून बाहेरील प्रचलित सेवांच्या खात्यांवर पत्र पाठवून ते मुख्य पेटीत पडते की 'स्पॅम'मध्ये, हे डोळ्यांनी पाहावे.

ही शेवटची तपासणी अलीकडे अधिक महत्त्वाची झाली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला ५,००० अथवा अधिक पत्रे जीमेल खात्यांकडे पाठविणाऱ्यास एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही तिन्ही प्रमाणीकरणे आवश्यक आहेत. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरील अंकीय स्वाक्षरी. या कसोट्या न उतरल्यास पत्राचे काय करावे, याची सूचना म्हणजे डीमार्क. लहान केंद्रांची पत्रसंख्या इतकी नसते, तरी तिन्ही व्यवस्था करून घ्याव्यात. एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्याचा पासवर्ड चोरीस जाऊन त्यावरून फसवी पत्रे सुटली, तर संपूर्ण सर्व्हरचे नाव काळ्या यादीत जाते आणि दुसऱ्या दिवशीची सल्लापत्रिका दारातूनच परत फिरते.

सरासरीवर विसंबू नये

कीटकशास्त्रात आपण जाणतो की, किडी शेतात सारख्या पसरत नाहीत, त्या ठिकठिकाणी पुंजक्याने असतात. २० सापळ्यांपैकी १८ मध्ये प्रत्येकी १ पतंग आणि दोहोंत प्रत्येकी ३० पतंग मिळाले, तर सरासरी ३.९ येते. पातळी आठची असल्याने कागदावर सारे क्षेम दिसते आणि त्या दोन शेतांत मात्र अळी बोंडात शिरत असते.

ई-मेलचा विलंबही असाच पुंजक्याने येतो. दिवसाच्या १४४ चाचणी-पत्रांपैकी १३४ पत्रे ५ सेकंदांत आणि १० पत्रे ४० मिनिटांत पोहोचली, असे समजू. सरासरी तीन मिनिटांच्या आतच भरते. अहवाल वाचणारा समाधानी होतो. प्रत्यक्षात कोणत्याही पत्राला तीन मिनिटे लागलेली नाहीत. म्हणून सर्व विलंब चढत्या क्रमाने मांडून १०० पैकी ९५ व्या स्थानी कोणती संख्या येते, ती पाहावी. वरील उदाहरणात ती ४० मिनिटे आहे आणि तीच खरी बातमी आहे.

रांगेच्या बाबतीतही केवळ संख्या पुरेशी नाही. शुक्रवारी पत्रिका सुटताच रांगेत ४०० पत्रे दिसणे स्वाभाविक आहे, कारण काही मिनिटांत ती निघून जातात. याउलट सकाळपासून अडकलेली तीन पत्रे हे रोगाचे लक्षण होय. अळ्या मोजताना आपण त्यांची अवस्थाही नोंदवितो. त्याप्रमाणे रांगेतील सर्वांत जुन्या पत्राचे वय नोंदवावे. मला विचाराल तर एकच आकडा फलकावर ठेवावयाचा झाल्यास मी हाच ठेवीन.

उपलब्धतेच्या टक्केवारीबद्दल थोडेसे. सेवा पुरविणारे '९९ टक्के उपलब्धता' अभिमानाने सांगतात. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्याचा एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. ९९.९ टक्के म्हटले तर बंद राहण्याची मुभा सुमारे ४३ मिनिटांची उरते. परंतु हे सात तास रविवारच्या रात्री गेले की शुक्रवारच्या दुपारी, हे टक्केवारी सांगत नाही. ग्रामीण कृषी मौसम सेवेची सल्लापत्रके मंगळवारी व शुक्रवारी निघतात. ज्या केंद्रांचे काम त्या तालावर चालते, त्यांनी या दोन दिवसांची उपलब्धता स्वतंत्र मोजावी. त्यातही जुलै ते ऑक्टोबर या काळाचा हिशेब वेगळा ठेवावा. सर्व्हरची देखभाल, बदल, स्थलांतर ही कामे हंगाम संपल्यावर काढावीत.

पत्रिकेचा आकार हाही याच हिशेबाचा भाग आहे. ५ एमबीची जोडपत्रिका ४०० जणांना स्वतंत्र पाठविली, तर २,००० एमबीचा भार होतो. शिवाय ई-मेलमधून जाताना जोडपत्राचे सांकेतिक रूपांतर होऊन त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. म्हणजे प्रत्यक्ष भार २,६०० एमबीच्या पुढे जातो. किडीचे छायाचित्र ओळखण्यापुरते स्पष्ट असले की पुरे. फ्लेक्सवर छापण्याजोगे चित्र पत्राला जोडण्याचे कारण नाही.

इशारा केव्हा व कोणत्या वाटेने द्यावा

एका रात्री आठ पतंग मिळाले म्हणून आपण फवारणीची शिफारस करीत नाही. सलग तीन रात्रींची अट त्यासाठीच आहे. एखादे फेरी-पत्र उशिरा आले की व्यवस्थापकाची झोपमोड करणारी यंत्रणा लवकरच दुर्लक्षित होते, कारण पंधरा दिवसांत तो सूचना बंद करून ठेवतो. सलग तीन फेरी-पत्रे पाच मिनिटांत न पोहोचल्यास इशारा, असा नियम आम्ही ठेवला आहे. दहा मिनिटांच्या अंतराने पाहता बिघाड अर्ध्या तासाच्या आसपास कळतो आणि तेवढा वेळ आपल्या कामाला परवडतो. डिस्कसाठी मात्र दोन पातळ्या ठेवाव्यात. ७५ टक्क्यांवर कामाच्या दिवशी साफसफाई आणि ९० टक्क्यांवर तातडीचा इशारा. सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या किमान १५ दिवस आधी सूचना मिळावी. विनामूल्य मिळणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांची मुदत ९० दिवसांची असे. नूतनीकरण आपोआप होते असे समजून ते विसरले जाते आणि एके सकाळी कोणाचाच मोबाइल पत्रे उघडत नाही.

इशारा एसएमएस अथवा फोनने जावा आणि देखरेख करणारे यंत्र सर्व्हरपेक्षा वेगळ्या जागी, वेगळ्या जोडणीवर व वेगळ्या विजेवर असावे. ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा, त्याच्याच हाती वर्दी देऊ नये. हे वाक्य लिहिताना मला अजूनही ओशाळल्यासारखे होते.

पण पहारेकरीच झोपला तर? ल्युर संपलेल्या सापळ्याचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. इशारा आला नाही, म्हणजे सर्व ठीक आहे की देखरेखच बंद पडली आहे? यावर सरकारी कार्यालयांत जुना उपाय आहे. सांगण्यासारखे काही नसले तरी 'निरंक' अहवाल पाठवावा लागतो. निरंक ही नोंद आहे, मौन ही नोंद नव्हे. देखरेख यंत्राने रोज सकाळी आठ वाजता 'काल १४४ पैकी इतकी पत्रे वेळेत' असा एक एसएमएस पाठवावा. साडेआठपर्यंत तो न आल्यास तोच इशारा समजावा. शिवाय तीन महिन्यांतून एकदा, पूर्वसूचना देऊन, सर्व्हरची सेवा मुद्दाम थांबवावी आणि इशारा खरोखर कोणाच्या फोनवर वाजतो ते पाहावे. नवा ल्युर लावलेला सापळा जुन्याशेजारी टांगून आपण जी खात्री करतो, तीच ही.

ज्यांच्या हाती सर्व्हर नाही त्यांनी

बहुतांश विस्तार कार्यकर्ते व शेतकरी गट यांना सर्व्हरच्या आत पाहण्याचा अधिकार नसतो. तरीही पत्राचा प्रवास तपासणे त्यांच्या हाती आहे. जीमेलमध्ये पत्र उघडून 'शो ओरिजिनल' हा पर्याय निवडल्यास पत्र किती सेकंदांनी पोहोचले, ते वरच दिसते. खाली 'रिसीव्हड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात. वाटेतील प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवीत जातो, म्हणून त्या खालून वर वाचाव्यात. लागोपाठच्या दोन ओळींतील वेळेचे अंतर पाहिले की पत्र कोणाच्या दारी अडकले होते, ते कळते. काही ओळींत वेळ भारतीय प्रमाणवेळेची असते, काहींत साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ असते, एवढे लक्षात घ्यावे. ही माहिती जोडून केलेली तक्रार 'मेल येत नाही' या तक्रारीपेक्षा कितीतरी लवकर सुटते.

सल्लापत्रिकेला हंगामी अनुक्रमांक द्यावा. १७ नंतर थेट १९ आली, की १८ राहिली हे वाचणाऱ्यास आपोआप समजते. गावाकडून येणाऱ्या नोंदींनाही हाच नियम लावावा. महाराष्ट्राबाहेरील कापूस पट्ट्यातून, आदिलाबाद वा बऱ्हाणपूरकडून, नोंदी पाठविणाऱ्या आपल्या वाचकांना अंतरामुळे फोनवर खात्री करणे अवघड जाते. त्यांना तर ही पद्धत विशेष उपयोगी पडेल. व्हॉट्सअॅप गट असताना ई-मेलचा एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. गटावरही संदेश अडकतात, आणि सापळ्यांचे तक्ते चार वर्षांनी शोधावयाचे झाल्यास गटात सापडत नाहीत. माध्यम कोणतेही असो, नोंद आली नाही आणि नोंद शून्य आली यांचे रकाने वेगळे हवेत.

आमच्या संकलन तक्त्यात आता तसे दोन रकाने आहेत. गुरुवारी सायंकाळी सहा वाजता ज्या गावापुढे ना आकडा ना निरंक, त्या गावाच्या सर्वेक्षकास फोन केला जातो. गेल्या हंगामात असाच एक फोन मी केला. पलीकडून तो म्हणाला, "सर, दिवसभर रेंज नाही, मेल गेलाच नाही. सापळे बघितले, ल्युर मागच्याच सोमवारी बदललाय. पाचही रिकामे." मी त्या गावापुढे निरंक लिहिले आणि पुढच्या गावाचा क्रमांक फिरविला.